रफूवालीचा उजवा हात

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, पडद्यापलीकडून वाफेच्या इस्त्रीचे सुस्कारे ऐकू येत, अशा जागी सुईमावशीचं टेबल होतं. टेबल म्हणजे जुन्या दाराची फळी आणि तिच्याखाली दोन लाकडी घोडे. वर एक उंच खिडकी. त्या खिडकीतून पडणाऱ्या उजेडाच्या चौकोनात बसून तिनं एकतीस वर्षं रफू केलं. कपड्याला कसर लागली, खिळ्यात अडकून भोक पडलं, ठिणगी उडाली, की तो कपडा तिच्याकडे यायचा. मग ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि भोक असं बुजवायची की लॉन्ड्रीवाला गिऱ्हाइकाला ऐटीत म्हणायचा, "शोधा आता." गिऱ्हाईक कपडा उजेडात धरायचं, उलटा करायचं, अगदी नाकाला लावून बघायचं आणि हार मानायचं.

हात कामात असले की तिचं मन भटकायला मोकळं व्हायचं. कोटाचं एकच कोपर झिजलेलं दिसलं, की तिला खिडकीत कोपर टेकून कुणाची तरी वाट बघणारा माणूस दिसायचा. स्वेटरच्या खिशात वाळूचे चार कण सापडले, तर दुपारभर ती कुठल्यातरी किनाऱ्यावर असायची. लॉन्ड्रीवाल्यानं दोनदा हाक मारली तरी तिला तिसरी ऐकू यायची.

"वहिनी, तू निम्मी इथे असतेस आणि निम्मी लोकांच्या खिशात," असं तिच्या वन्सं म्हणत.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, त्यामुळे आवाज अजूनही असा की साधं 'दूध संपलंय' म्हटलं तरी वाटावं, लांबच्या गावाहून निरोप आलाय. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत या दोघीच राहत. भांडायला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं, म्हणून भांडणही त्या जपून वापरत.

त्या वर्षी थंडी पडली आणि सुईमावशीचा डावा जबडा दुखायला लागला. दुसऱ्या मजल्याचा जिना चढता चढता कानाखालून हनुवटीकडे एक ठणका सरकत यायचा. कठड्याला धरून उभं राहिलं, की दोन-तीन मिनिटांत यायचा तसाच निघून जायचा. अंगात त्राण कमी झालं होतं, पण तिनं ते वयाच्या नावावर टाकलं. दाढ असेल, असं ठरवून ती महिनाभर एकाच बाजूनं जेवत राहिली. शेवटी वन्संनी हाताला धरून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

चष्मा कपाळावर चढवून बसणारे, मुळीच घाई नसलेले गृहस्थ होते ते. त्यांनी एकेक दात टिचकी मारून पाहिला, फोटो काढला. घास चावताना दुखतं का, विचारलं. नाही. गार पाण्यानं? नाही.

"मग कधी दुखतं?"

"जिना चढताना."

डॉक्टरांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. "दाताला जिना कळत नाही, मावशी. हृदयाला कळतो. आजच्या आज तिकडे दाखवून घ्या."

छातीत तर काहीच होत नाही, असं ती म्हणाली. त्यांनी सांगितलं की दरवेळी छातीतच दुखतं असं नाही. कुणाचा जबडा दुखतो, कुणाची पाठ, कुणाचा हात. बायकांना तर पुष्कळदा नुसता थकवा येतो, धाप लागते, आणि त्या घरकामाला दोष देत बसतात.

हृदयाच्या डॉक्टर ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या बाई होत्या. पळत्या पट्ट्यावर चालवलं तेव्हा चौथ्याच मिनिटाला सुईमावशीनं जबड्यावर हात ठेवला आणि पट्टा थांबवावा लागला. आधी औषधं दिली. दीड महिना घेतली, थोडं हलकं वाटलं, पण ठणका दुसऱ्या मजल्याऐवजी तिसऱ्याच्या जिन्यावर यायला लागला एवढंच. मग अँजिओग्राफी आणि लागेल तर त्याच वेळी अँजिओप्लास्टी करायचं ठरलं.

वन्सं प्रश्नांची वही घेऊन आल्या होत्या. न करून चालेल का, हा त्यांचा पहिलाच प्रश्न. डॉक्टरांना तो आवडला. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की हार्ट अटॅक आलेला असता, तर हा प्रश्न ऐकायला त्या थांबल्याही नसत्या; तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं आणि अँजिओप्लास्टीनं जीव वाचतो. इथे तसं नाही. इथे औषधं हाच पाया आहे. अँजिओप्लास्टीनं दुखणं जाईल, जिना परत मिळेल, पण त्यामुळे आयुष्याची दोरी लांबेलच असं वचन त्या देणार नव्हत्या. धोका थोडा, तरी असतोच: रक्तस्राव, क्वचित अटॅक किंवा पक्षाघात, फार क्वचित तातडीचं ऑपरेशन. फोटोसाठी नसांत सोडतात त्या रंगाचा मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो, म्हणून रक्त आधी तपासायचं आणि कशाची अ‍ॅलर्जी असेल तर आताच सांगायचं. वन्सं एकेक ओळ लिहून घेत होत्या, जणू कॉल जोडून देत होत्या.

सुईमावशीनं एकच प्रश्न विचारला. नळी कुठून घालणार?

"मनगटातून. बहुतेक उजव्या."

तिनं उजवा हात पर्सखाली सरकवला. "माझं हातावर पोट आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "या हातावर."

डॉक्टरांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांनी तिचं डावं मनगट हातात घेतलं, दोन ठिकाणी दाबलं, सोडलं, तळव्याचा रंग परत येताना पाहिला. "डाव्यातूनही होतं. मला जरा वाकून उभं राहावं लागेल, एवढंच," त्या म्हणाल्या. "बरं झालं बोललात. लोक टेबलावर झोपेपर्यंत गप्प राहतात."

अँजिओप्लास्टीची खोली थंडगार होती. सकाळचे दहा वाजले असतील, पण खिडकी नसल्यामुळे तिथे कुठलीच वेळ नव्हती. टेबल अरुंद, चादर निळी. पूर्ण भूल देणार नाही, जागीच राहाल, हे तिला आधीच सांगितलं होतं. मनगटात सुई टोचली तेव्हा तिला नवल वाटलं, दुसऱ्या कुणाच्या हातात सुई आहे याचं. मग हात बधिर झाला आणि कसल्याशा औषधानं मनाच्या गाठी सैल पडल्या.

पुढचं सगळं तिला पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. नळी दंडातून वर जाताना थोडं दाबल्यासारखं वाटलं, मग काहीच नाही. आत नसांना स्पर्श कळत नाही, असं कुणीतरी म्हणालं. तिनं मान वळवली तर पडद्यावर राखाडी आभाळ होतं आणि त्यात अचानक एक काळं झाड उगवलं. फांद्या, डहाळ्या, सगळं तिच्या श्वासाबरोबर हलणारं. दुसऱ्या क्षणी ते विरून गेलं. परत रंग सोडला, परत झाड. एका फांदीवर एके ठिकाणी चिमटा काढल्यासारखी जागा होती, तिच्यापुढे फांदी जेमतेम दिसत होती. तिला त्या झाडाखाली जाऊन बसावंसं वाटलं. तिथे नवरा पेपर वाचत बसलेला असेल, असंही वाटलं. त्याला काही विचारायचं होतं, पण काय ते आठवेना.

"आता फुगा फुगवतेय," डॉक्टरांचा आवाज लांबून आला. "थोडं दुखेल. दुखलं की सांगा."

तो ओळखीचा ठणका जबड्यात आला, पडल्या जागी, जिन्याशिवाय. तिनं सांगितलं. आवाजानं आकडे मोजले आणि ठणका ओसरला. मग त्या जागी धातूच्या जाळीची बारीक नळी, स्टेंट, बसवली. शेवटचं झाड उगवलं तेव्हा ती फांदी पार टोकापर्यंत काळी झाली होती. दुसऱ्या एका नसेत थोडं आकुंचन होतं, ते औषधांवर सोडलं. सगळं मिळून तासाभराचं काम. तिला मात्र वाटत होतं, आपण एक पूर्ण ऋतू राहून आलो.

मनगटावर घट्ट पट्टा बांधून तिला वॉर्डात आणलं. नर्सनं समजावलं की आठवडाभर या हातानं जड उचलायचं नाही. घरी जखमेतून रक्त आलं तर दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर लगेच यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोळ्या, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या. एक कायमची, दुसरी सहा महिने तरी. "कुणीही सांगितलं तरी आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत," असं नर्सनं दोनदा म्हटलं आणि वन्संनी दोनदा लिहिलं.

दोन दिवसांनी ती कुठेही न थांबता तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि दाराशी उभी राहून उगाच जबडा चाचपत राहिली.

दोन महिने बरे गेले. मग एका म्हातारीनं तिच्याकडे पांढरा रेशमी स्कार्फ आणला. कसरीनं खाल्लेला, जाळीसारखा झालेला. त्याच्या घडीत कुठल्या तरी जुन्या अत्तराचा वास होता आणि सुईमावशी त्या वासामागे निघून गेली. एका टाक्याला सुई डाव्या हाताच्या बोटात शिरली. एरवी दिवसातून दहादा शिरते, रक्ताचा ठिपका येतो आणि बोट तोंडात घालेपर्यंत थांबतो. या वेळी थांबला नाही. तिचं लक्ष गेलं तेव्हा रेशमावर तांबूस वर्तुळ पसरत होतं. गार पाण्यानं आणि थुंकीनं डाग निघाला, पण दुसऱ्या दिवशी तेच झालं. एकतीस वर्षांत तिच्या हातून कपडा डागाळला नव्हता. तिनं मनाशी म्हटलं, हे त्या गोळ्यांमुळेच; स्कार्फ होईपर्यंत त्या नकोत. चार दिवसांचा तर प्रश्न. बरं तर वाटतंय.

तिसऱ्या सकाळी वन्संनी गोळ्यांचं पाकीट तिच्या बशीशेजारी ठेवलं. पाकिटावर वारांची नावं त्यांनीच लिहिली होती आणि दोन वार तसेच भरलेले होते.

"वहिनी, हे काय?"

तिनं स्कार्फचं सांगितलं. वन्सं ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. बोलायला गेल्या आणि त्यांचा तो एक्स्चेंजमधला आवाज कुठेतरी तुटला. "माझ्याशी भांडायला कोण उरेल मग?" एवढंच म्हणाल्या आणि फोनकडे गेल्या.

फोनवर नर्सनं गोळ्या या क्षणी सुरू करून लगेच यायला सांगितलं. ईसीजी ठीक निघाला. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर नळी काढून दाखवली. शरीराच्या दृष्टीनं ती जाळी परकी. तिच्यावर आतून पातळ अस्तर चढायला महिने लागतात. तोवर गोळ्या थांबवल्या तर रक्त तिथे गोठू शकतं, नस एका झटक्यात बंद होते, आणि तो मोठा अटॅक असतो. "दोन दिवस निभावले हे नशीब. असा त्रास असेल तर मला सांगा, मिळून वाट काढू." वाट साधीच निघाली. सुईमावशीनं डाव्या हाताच्या बोटात अंगुस्तान, शिंपी घालतात ती धातूची टोपी, घालायचं कबूल केलं. आयुष्यभर तिनं ते टाळलं होतं, हातमोजे घालून जेवल्यासारखं वाटतं म्हणून. पहिले पंधरा दिवस बोट बहिरं झाल्यागत वाटलं. स्कार्फ उशिरा झाला. म्हातारीला उशीर का झाला ते तिनं डागासकट खरं सांगितलं. म्हातारीनं स्कार्फ गळ्यात घातला आणि आपणही तीच गोळी घेतो, दुपारची, असं म्हणाली.

सहा महिन्यांनी ती तपासणीला गेली. बाकावर शेजारी एक बाई बसली होती, पोस्टात टपालाची वर्गवारी करणारी. थोड्या वेळानं तिला आत नेणार होते. हातातल्या कागदावर सही झालेली होती, तरी ती तो पहिल्यापासून वाचत होती.

"दुखतं का हो?" तिनं विचारलं.

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. सुईमावशी विचार करून म्हणाली, "फुगा फुगवतात तेव्हा थोडं. सांगायचं, लाजायचं नाही. बाकी गार वाटतं फार, तेवढी चादर मागून घ्या. आणि मान वळवता आली तर पडद्याकडे बघा."

"काय दिसतं?"

"ते तुमचं तुम्ही बघा." मग म्हणाली, "खरं सांभाळायचं ते नंतर. गोळ्या, चालणं, सगळं. ते आत कुणी करून देत नाही."

नर्सनं नाव पुकारलं. बाईनं चष्मा काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि तो सुईमावशीच्या हातात दिला. दार मिटलं. वन्सं वही घेऊन औषधांच्या खिडकीशी रांगेत होत्या. सुईमावशीनं चष्मा डोळ्यांना लावला. कॉरिडॉर लांब आणि मऊ झाला, माणसं कडा नसलेल्या रंगांसारखी येऊ-जाऊ लागली, आणि ती बाई बाहेर येईपर्यंत तिथेच बसायचं तिनं ठरवून टाकलं.