काकीच्या वाट्याचा बांध

बांधावरच्या काकीशी माझं बोलणं कधी पुरं झालं नाही. लग्नाचा मांडव असो की बारसं, खाडीला भरती लागायची वेळ झाली की बाई हातातला लाडू तसाच घेऊन उठायची. यजमानीण "जेवून तरी जा" म्हणेपर्यंत ही अंगणापलीकडे पोचलेली. लग्न होऊन मी मालवणजवळच्या त्या गावात आले तेव्हा मला वाटलं, हिला माणसांचा कंटाळा असावा.

तसं नव्हतं. आमचा भाताचा मळा भरतीच्या पाण्याहून खाली होता. मध्ये मातीचा लांबलचक बांध, आणि पावसाचं साचलेलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला त्याच्यात लाकडी दाराची एक वाट. तिला उघाडी म्हणत. बांध घरटी वाटून दिलेला. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, त्यात बिळं पाडत, म्हणून अवसेपुनवेच्या उधाणाला प्रत्येक घराने आपल्या वाट्यावर एक माणूस उभा करायचा, ही गावची रीत. काका गेले आणि तो वाटा काकीच्या गळ्यात पडला.

पुढे मुंबईने माणसं ओढायला सुरुवात केली. गिरण्यांना माणसं हवीत, गोदीला हवीत, आणि ती सगळी आमच्याच गावातून न्यायची असा जणू पण केलेला. आधी तरणे पुरुष गेले, मग बायकापोरं गेली. घरांना कुलपं लागली, आणि त्या घरांचे वाटेही काकीच थापू लागली. मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांच्या पायरीवर जाऊन ती म्हणायची, "घराक कुलूप लावलास, बांधाक काय लावतलास?" ते हसायचे. माझा नवराही त्यांच्यातलाच, तोही हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा.

तिचा मुलगा बाळा दर वर्षी विनवायचा, "आये, चल माज्यावांगडा मुंबयक." ही दर वर्षी नाही म्हणायची. लोक म्हणत, म्हातारीचा बांधावर फार जीव. एकदा बिळात चिखल कोंबता कोंबता ती मला म्हणाली, "जीव कसलो गो? माका जावचा आसा. नातवाक अजून मांडयेर घेवक नाय मी. पण मी हललंय तर तुज्या घरातला भात जातला." तिला त्या बांधानेच दावणीला बांधलं होतं.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर एका श्रावणात आम्ही बांधावर तिघीच उरलो होतो. पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी, एका बंद घराच्या वाट्यावर बांध फुटला. आम्ही पेंढा घातला, माती घातली, शेवटी काकीने स्वतःच्या गोठ्याचं दार उपटून आणलं. खाडीने तेही नेलं. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या करपलं. फुटका बांध पुन्हा घालायला हात नव्हते. हळूहळू मळ्यात तिवरांची खाजणातली झुडपं उगवली, बगळे उतरले. खाडीने आपली जागा परत घेतली.

"सुटली एकदाची," लोक म्हणाले. बाळा येऊन तिला घेऊन गेला.

दोनेक वर्षांनी मुंबईला गेले तेव्हा मी तिला शोधत गेले. बाळाची खोली एका खाडीच्या कडेला होती. कडेला कसली, खाडीतच. राडारोडा आणि कचरा ओतून जमीन केलेली, तिच्यावर मिळेल त्या पत्र्याची घरं. गावोगावची माणसं तिथे येऊन दाटली होती. पलीकडे चार तिवरं उरलेली, त्यांच्यावरही भरावाच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. दारात काकी बसली होती, मांडीवर नातू. उंबऱ्याशी तिने चिखलाचा वीतभर बांध घातला होता.

"अवस आसा आज," ती म्हणाली. "भरती इली की पाणी घरात येता. एवढो भराव घातल्यानी, पण उघाडी खंय ठेवल्यानी? पाणी जातला खंयसून?"

चहा झाला, गावच्या गोष्टी निघाल्या. मी म्हटलं, "काकी, माझ्याबरोबर चला, चार दिवस गावी राहू." तिचा चेहरा एकदम उजळला. पण तेवढ्यात उंबऱ्याशी पाणी चकाकलं. तिने नातवाला माझ्या मांडीवर दिलं आणि दोन्ही हातांनी चिखल दाबू लागली.

"आता खंयचा जावचा गो?" ती म्हणाली. "मी हललंय तर ह्येंचा घर जातला."