बारा दहाचं कुलूप

माझ्या गाडीच्या डिकीत पक्कड, कटर, टेपचे दोन-तीन गुंडाळे आणि एक पितळी कुलूप असतं. ते कुलूप कुठल्याच दाराचं नाही. ते फोटोपुरतं आहे.

हे नीट सांगायला हवं. मी इंटरनेटच्या केबलवर काम करतो. जमिनीखालून जाणारी काचेच्या तारांची केबल कुठं तुटली ते शोधायचं आणि जोडायची. लाईन चालू ठेवण्याचा कंपनीचा आमच्या ठेकेदाराशी करार असतो, त्याला सगळे एसएलए म्हणतात. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, मला त्याची कलमं सांगता यायची नाहीत. कामापुरतं कळतं ते एवढंच: लाईन पडली की कॉम्प्युटरवर तक्रारीचं टिकीट उघडतं आणि घड्याळ सुरू होतं. खेड्यातल्या लाईनला चार तास. आत जोडली तर हिरवं, नाही तर लाल, आणि ठेकेदाराला दंड. फक्त एक सोय करारातच दिलेली आहे. जागामालकानं गेट उघडलं नाही, तर तेवढा वेळ घड्याळ थांबतं. पुरावा म्हणून बंद गेटचा फोटो टाकायचा.

गेट उघडंच असेल तर काय करायचं, हे करारात नाही. ते मला भाऊंनी शिकवलं.

भाऊ आमचे सुपरवायझर. मी गडचिरोलीच्या पार टोकाचा. केबलसाठी चारी खोदणाऱ्या टोळीबरोबर या जिल्ह्यात आलो, तेव्हा मनमाड रोडच्या कडेला ताडपत्रीखाली झोपायचो. एक दिवस भाऊंनी मला केबल सोलताना पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हनं, तुझा हात थरथरत न्हाई. टिकाव ठेव, इकडं ये." केसाहून बारीक तार जोडायला त्यांनीच शिकवलं. मला टायफॉईड झाला तेव्हा त्यांच्या केडगावच्या घरी नेलं, वहिनींनी तीन आठवडे मऊ भात भरवला. माझ्या आईला फोन करून "तुमचं पोरगं माझ्याकडं हाय, झोपा निवांत" असं सांगणारा हा माणूस. माझा हात थरथरत नाही हे खरं, पण छाती कायम धडधडते. हे काम गेलं तर मी कोण, हा प्रश्न रोज सकाळी गाडीला किक मारताना येतो. त्यामुळं भाऊ सांगतील त्याला मी नाही म्हणत नाही.

कोल्हारच्या पुढं रस्ता सोडून आत दोन किलोमीटरवर एक वस्ती आहे. तिथं एका घराच्या अंगणात कंपनीची छोटी केबिन आहे, भोवती जाळी आणि लोखंडी गेट. घरातल्या बाईंना मी मावशी म्हणतो. त्यांचा नवरा साखर कारखान्यात, मुलगी बारावी झालेली. केबिनला कंपनीनं दिलेलं एक कुलूप होतं, त्याची किल्ली मावशींकडं, पण ते गेटला नुसतं अडकवलेलं असायचं. शेळ्या आत शिरायला लागल्या की मावशी कधीमधी दाबून टाकायच्या. मी गेलो की विचारायच्या, "काय करून राह्यले पाव्हणं?" माझ्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या आणि चहा ठेवायच्या.

त्या दिवशी सकाळी दहा चाळीसला कुणीतरी पाईपलाईनसाठी खोदताना रस्त्याजवळ केबल तोडली. वस्तीवरचं इंटरनेट गेलं, आणि टॉवर त्याच केबलवर असल्यामुळं फोनही गेले. तुटलेली जागा मला लगेच सापडली. पण तारा जोडायचं मशीन आमच्याकडं एकच, आणि ते भाऊंबरोबर भिंगारला होतं. तिथं एका मोठ्या ग्राहकाच्या लाईनी एकापाठोपाठ पडत होत्या. त्याचा करार दर लाईनीला दोन तासांचा, आणि त्यात घड्याळ थांबवायची सोय नाही.

फाट्यावरही रेंज नव्हती, म्हणून कोल्हारच्या बाजूला मागं जाऊन मी फोन लावला. भाऊ म्हणाले, "मला सहा तर वाजतीलच गड्या. कुलूप लाव, फोटो टाक आन तिथंच बस. माणूस साईटवर दिसला पायजे."

"लोकांनी विचारलं तर?"

"तासाभरात येती म्हणायचं. दुसरं काय म्हणतो आपण?"

वस्तीवर गेलो तेव्हा मावशी घरामागं कांदे साठवायच्या चाळीत कांदे निवडत होत्या. अंगणात कुणी नव्हतं. त्यांचं कुलूप काढून खिशात टाकलं, माझं लावलं, फोटो घेतला, माझं काढलं, त्यांचं परत अडकवलं. दोन मिनिटं लागली नसतील. परत कोल्हारच्या बाजूला रेंज मिळेपर्यंत जाऊन फोटो टाकला. बारा दहाला घड्याळ थांबलं.

फोटो टाकला की जागामालकाच्या मोबाईलवर आपोआप मेसेज जातो. वस्तीवर रेंज नव्हती, म्हणून तो वाटेत कुठंतरी अडकून राहणार होता. हे मला तेव्हाच माहीत होतं. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळं झालं.

वस्तीवर परतलो तर मुलगी ओट्यावर फाईल मांडीवर घेऊन बसलेली. नर्सिंगच्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला होता. जागा पक्की करायची ती मोबाईलवरूनच, आणि शेवटची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. एक दाखला तहसीलमधून आदल्या दिवशी हातात आला, म्हणून इतका उशीर.

"दादा, कधी येईल लाईन?"

"तासाभरात."

मावशी चाळीतून आल्या. "दोन दिवस धड झोपली न्हाई ही. रात्री झोपेत सुया टोचती मला."

"आई!"

"मग खोटं सांगती का? आता तुज्या हातात हाय रं बाबा," असं म्हणून त्यांनी मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी जेवलो. दुसऱ्यांदा भाकरी घेतली, हेही सांगून टाकतो.

दीड वाजता मुलगी परत आली. "मी कोल्हारला जाऊ का? तिथं रेंज आहे ना? चालत फाट्यावर जाते, काहीतरी मिळेल."

माझी गाडी गेटजवळ उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. पंधरा मिनिटांत मी तिला कोल्हारला सोडू शकलो असतो. पण ती गेली असती तर आईचाच मोबाईल घेऊन गेली असती, घरात तो एकच होता. रेंज मिळताच पहिला तो मेसेज आला असता: तुमचं गेट बंद आहे. तिनं त्या नंबरवर फोन करून सांगितलं असतं की गेट उघडं आहे आणि तुमचा माणूस आमच्या ओट्यावर भाकरी खातोय. मग टिकीट लाल, भाऊंना जाब, आणि मला परत टिकाव.

मी म्हणालो, "कशाला हेलपाटा घालता? तुम्ही तिकडं पोचाल तोवर इथं येईल."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं विश्वास ठेवला. गणवेश सोडून मला या जिल्ह्यात काही मिळालं असेल तर हा विश्वास. कंपनीचं नाव छातीवर असलेल्या माणसाला लाईनचं कळतं असं लोक धरून चालतात.

तीनला विचारलं, तासाभरात म्हणालो. साडेतीनला तिनं विचारलं नाही, नुसतं पाहिलं. चारला मावशी म्हणाल्या, "जा बाई आता, न्हाईतर उशीर हुईल." मुलगी म्हणाली, "दादा म्हणतात आत्ता येईल. वाटेत असताना आली तर?" मी केबिनमध्ये शिरून उगाच वायरी हलवत बसलो. साडेचारला ती चप्पल घालून फाट्याकडं पळत सुटली. मी तेव्हाही गाडी काढली नाही. सव्वापाचला ती चालत परत आली, फाईल तशीच काखेत. फाट्यावर ना गाडी मिळाली होती, ना रेंज. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

साडेपाचला भाऊ मशीन घेऊन रस्त्यावर पोचले. त्या वेळेला गेट उघडल्याची नोंद त्यांनी वाटेत रेंज असतानाच करून टाकली होती. सहा चाळीसला केबिनमधले दिवे हिरवे झाले. मी बाहेर आलो, आणि त्याच क्षणी ओट्यावरच्या मोबाईलवर टिंग वाजलं. लाईन आल्यावर त्या घरात पोचलेली पहिली गोष्ट म्हणजे तो मेसेज.

मुलीनं मोठ्यानं वाचला. "आपण गेट न उघडल्यामुळे दुरुस्तीस विलंब होत आहे. कृपया सहकार्य करावे. वेळ बारा दहा." मग आईकडं बघून म्हणाली, "आई, कुलूप लावलं होतंस तू?"

"मी कशाला लावू?"

"बारा दहाला कुठं होतीस?"

"चाळीत. कांदे..." मावशी थांबल्या. "सकाळी शेळ्या आत गेल्त्या. तवा दाबलं का काय मी? आन मग सोडलं कवा? अगं, ध्यानातच न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "तू आलास तवा बंद हुतं का रं?"

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "जाऊ द्या मावशी, होतं असं."

हे खोटंसुद्धा नव्हतं, म्हणून जास्त वाईट.

कॉम्प्युटरनं त्या दिवशी वस्तीची लाईन दोन तास चाळीस मिनिटं बंद धरली. खरी आठ तास बंद होती. महिन्याच्या मीटिंगमध्ये आमचं सगळं हिरवं होतं. भाऊंनी खांद्यावर हात ठेवला, "पाव्हन्यानं वाचवलं." मी त्यांना मुलीचं सांगितलं. ते म्हणाले, "आपुन डॉक्टर हाय का रे, सगळ्यांचं बघायला?" त्या संध्याकाळी वहिनींनी मला जेवायला बोलावलं. मी गेलो. त्या घराला नाही म्हणायची ताकद माझ्यात अजून नाही, आणि त्या घराचे उपकार खोटे होते असंही मला म्हणता येत नाही.

मुलीनं जवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. पुढच्या वर्षी परत बघू म्हणते, पण आईशी कमी बोलते.

मागच्या महिन्यात वस्तीवर गेलो होतो. मावशींनी चहा दिला, नक्कल केली नाही. निघताना कनवटीला बांधलेली किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवली.

"ही गेटची. तुज्याकडं ठेव. माझा काय भरवसा न्हाई आता."

मी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मुलगी दारात उभी होती, आणि मी किल्ली घेतली.

ती माझ्या रिंगमध्ये आहे, पितळी कुलपाच्या किल्लीशेजारी. गाडी खड्ड्यातून गेली की दोन्ही एकमेकींवर वाजतात.