टपरीवर मी काढलेला शब्द

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माहूरला घरी नाही, गडावर देवीपुढं हात जोडले तेव्हासुद्धा नाही. तिथं मी नोकरी टिकू दे एवढंच मागितलं आणि पायऱ्या उतरून खाली आलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. ओळखत असता तर नसतं सांगितलं. एवढा धीट मी नाही.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. हे वाक्य लिहितानाही मी मागं वळून बघतो. वाटतं, मागून कुणीतरी येईल आणि म्हणेल, दाखव बरं कागद. कागद नाही माझ्याकडं. नववीत दोनदा आपटलो, मग बापानं पायऱ्यांखालच्या दुकानात बसवलं. नारळ, खण, हळदी-कुंकू, ओटीचं सामान. कॉम्प्युटरला हात लावला तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं. नंतर नांदेडला एक क्लास लावला, सहा महिन्यांचा. तिथं शिकवायला सुजाताताई होत्या.

ताई अहमदपूरच्या. वडील एसटीत कंडक्टर, घर बौद्ध, शिक्षणाला देव मानणारं. स्वतः इंजिनियर. क्लासमध्ये माझ्यासारखा गावठी मी एकटाच, आणि माझं चुकलं की त्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या. रागवायच्या नाहीत. "परत बघ," एवढंच. पुढं त्यांना लातूरला कंपनीत चांगली नोकरी लागली, आणि वर्षभरात त्यांनी मलाही तिथं बोलावून घेतलं. मालकांना — आम्ही त्यांना सर म्हणायचो — त्यांनी काही लपवलं नाही. "सर, पोरगं शाळा सोडलेलं आहे. पण हात चांगलाय. जबाबदारी माझी." सर हसले आणि मला खुर्ची मिळाली. ह्या उपकाराला काय नाव द्यायचं? मी तेव्हा त्यांच्या पाया पडलो होतो. त्या दचकून मागं सरल्या. "विनोद, आपल्यात असलं चालत नाही," म्हणाल्या.

औसा रोडला औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही दहा-अकरा जण. कोचिंग क्लासेससाठी ॲप बनवायचो — पोरांची हजेरी, चाचणीचे मार्क, आईबापांना जाणारे मेसेज. लोकांना वाटतं डेव्हलपरची मजा असते, एसीत बसायचं आणि बटणं दाबायची. मजा कसली? दिवसभर दुसऱ्यानं लिहिलेलं वाचायचं, कुठं अडलं ते शोधायचं, आणि सकाळी दहाला सगळ्यांनी गोल उभं राहून काल काय केलं ते सांगायचं. काही बिघडलं की त्या गोलात पहिला प्रश्न एकच — कुणी केलं? ते लपतही नाही. कुठली ओळ कुणाच्या नावानं बदलली, कितव्या मिनिटाला, सगळं मशीन लिहून ठेवतं.

पण मशीन नाव लिहितं ते लॉगिनचं. माणसाचं नाही. मी नवा, मला पालकांच्या नंबरांच्या खऱ्या यादीवर काम करायची परवानगी नव्हती. दर वेळी ताईंना उठावं लागायचं. म्हणून त्यांनी आपला पासवर्ड मला देऊन टाकला होता. सगळेच सीनियर द्यायचे. चालायचं.

त्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मशीनवर बसलो होतो. गैरहजेरीचा नवा मेसेज तपासायचा होता. तपासायच्या यादीत आमचेच चार नंबर असतात. पण मी थोडा वेळ आधी एक गोष्ट बघायला खरी यादी जोडली होती, आणि परत काढायची विसरलो. बटण दाबलं. "आपला पाल्य आजच्या परीक्षेस गैरहजर आहे" — एका क्लासच्या सगळ्या पालकांना. ऐन परीक्षेच्या दिवशी.

लातुरात ह्याचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहीत आहे का? पोरं होस्टेलवर राहतात, फोन जवळ ठेवू देत नाहीत. आईबाप गावाकडं. असा मेसेज आला की बापाच्या मनात पहिलं काय येतं, ते मी लिहिणार नाही. दुपारी सरांनी मला माफीचं पत्र घेऊन त्या क्लासवर पाठवलं. चाकूरकडची एक बाई पायरीवर बसली होती, चप्पल एकाच पायात. पोरगी आत पेपर लिहून राहिली म्हणून शंभरदा सांगितलं, ती ऐकेना. पोरगी बाहेर आली तर तिचं तोंड, हात, केस चाचपू लागली. मी पत्र देऊन परत आलो.

चूक माझी, हे ताईंना लगेच कळलं होतं. कळणारच. त्या माझ्याकडं आल्या, स्क्रीन बघितली आणि हळूच म्हणाल्या, "तू गप बस. माझ्या लॉगिनवरून गेलंय, मी बोलते. तुला हे लोक आजच्या आज काढतील." आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी गप बसलो.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बरं, भित्रा होता, बाईनं वाचवलं, ह्याला हे पचलं नाही. तेवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. थांबा.

ताई केबिनमध्ये बोलणी खात होत्या तेव्हा आम्ही खाली टपरीवर आलो. पंकज होता, पुण्यात नोकरी करून आलेला, सगळ्यांत हुशार गणला जाणारा. आणखी तिघं. पंकजनं चहा फुंकत माझ्याकडं बघितलं. "काय रे माहूर, सकाळी मॅडमच्या मशीनवर तर तूच दिसला मला?"

चौघंही बघू लागले. आणि मग — मी हे कसं सांगू? कुणी मला विचारलं नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं. गप राहिलो असतो, 'हाव' म्हणालो असतो, चहा सांडला असता तरी चाललं असतं. मी हसलो आणि म्हणालो, "मी कशाला बसू तिथं? कोट्यातून इंजिनियर झाल्यावर असंच होणार की, भाऊ."

सगळे हसले. पंकजनं माझ्या पाठीवर थाप मारली. "आयला, माहूर, तू तर लई बेणं निघालास!" त्यानं मला क्रीमरोल घेऊन दिला. तोवर ह्या लोकांनी मला कधी आपल्यात धरलं नव्हतं. तो क्रीमरोल मी खाल्ला. बोटं चाटून खाल्ला. आज ते आठवलं की मला माझ्याच तोंडाची किळस येते — दातांची, जिभेची, त्या गोड चवीची.

ताईंना प्रवेश खुल्या यादीतून मिळाला होता, हे मला माहीत होतं. नांदेडच्या क्लासमध्ये त्यांनीच सांगितलं होतं. आणि कोट्यातून मिळाला असता तरी काय? तो त्यांच्या हक्काचा होता. माझ्या खुर्चीवर माझा कुठला हक्क होता? नववी नापास माणूस इंजिनियर बाईची लायकी काढून राहिला होता, तेही तिनं माझी चूक अंगावर घेतलेली असताना.

शब्द दुसऱ्या दिवशी वर पोहोचला. सकाळच्या गोलात सरांनी तो धुऊन, इस्त्री करून वापरला. "मॅडम, डिग्री कशीही मिळून जाते. काम येणं वेगळं." कुणीतरी खाकरलं. ताईंनी सरांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. त्या माणसांत त्यांचा म्हणावा असा मीच होतो. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. लेस सुटलेली नव्हती.

त्यानंतर त्यांचं प्रत्येक काम दोघं जण तपासू लागले. काही अडलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "कोटा." मी हसायचो. प्रत्येक वेळी. दोन महिन्यांनी ताईंनी राजीनामा दिला. जाताना टेबलावरची बुद्धांची छोटी मूर्ती ओढणीत गुंडाळून घेतली आणि मला म्हणाल्या, "तू शिकत राहा. ह्यांच्या नादी लागू नको." त्यांची खुर्ची मला मिळाली. पगारही वाढला. मी घरी पेढे पाठवले.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. नांदेडला एका कंपनीत आता टीम त्यांच्या हाताखाली आहे, एक जागा रिकामी आहे, येतोस का? खरं सांगायला ह्याहून चांगली वेळ कुठली होती? फोनवर तोंडही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "हाव ताई, लगेच येतो." बायकोनं नारळ फोडला.

पहिल्या दिवशी ताईंनी सगळ्यांना उभं केलं आणि माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, "लातूरला माझ्याबद्दल सगळे वाटेल ते बोलत होते. पाठीमागं वाकडा शब्द न बोललेला एकच माणूस होता. हा विनोद."

नव्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजला. मी ते तसंच वाटू दिलं.