चार खोल्यांचा एकच उपास

मालवणजवळच्या आमच्या घरात काकी पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवते. जेवायला काय करायचं ते विचारायला ती मला पाठवायची. अनोळखी माणूस समोर आला की माझं शाळेतलं इंग्रजी, घरची मालवणी आणि पुस्तकी मराठी एकदमच घशात अडकायची. म्हणून मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. पाहुण्यांनी हवं-नको ते फोनवर टाकायचं, काकीने स्वयंपाकघरातल्या टॅबवर वाचायचं. मला बोलायला नको.

एका रात्री उशिरा चारही खोल्या पहिल्यांदा भरल्या, आणि दुसरा दिवस नेमका संकष्टीचा. दोन नंबरच्या खोलीतल्या आजींनी सकाळी ‘उपास’ असं टाकलं. दुपारी पानांवर बघते तर सगळ्यांनाच वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. सुरमई फ्रीजमध्ये.

पाहुणे पडवीत समोर आलं ते जेवत होते. तीन नंबरचे काका बायकोला हळूच म्हणाले, “यांच्याकडे संकष्टी पाळत असतील. विचारू नकोस.” जेवून सगळे परतीच्या गाडीला निघणार होते. मासे खायला आलेली माणसं मासे न खाताच जाणार, आणि पुढल्या वेळी दुसरीकडे उतरणार.

मी काकीला गाठलं. टॅबवर चारही खोल्यांपुढे ‘उपास’ होतं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही तुला, मी म्हणाले.

“उपास कित्याक धरलो, असा विचारूचा नसता गो,” काकी म्हणाली.

मी कोड उघडला. खोलीचा एक साचा करून त्यातून मी चार खोल्या काढल्या होत्या. खोलीचं नाव बदललं तर ते त्या खोलीपुरतंच बदलायचं, म्हणून मी निर्धास्त. पण सूचनांचा रिकामा डबा मी साच्यातच ठेवला होता. प्रत्येक खोलीला आपापला डबा मिळाला असेल असं मी धरून चालले. पायथनने एकच डबा ठेवून चारही खोल्यांना त्याचा पत्ता दिला. एकीने त्यात उपास घातला, तो सगळ्यांना दिसला. तक्रार नाही, चूक दाखवणारी लाल अक्षरं नाहीत. या भाषेचाही स्वभाव काकीसारखाच, विचारायचं म्हणून नाही.

सगळ्यांना फोनवर मेसेज टाकूया, असं मी सुचवलं. काकीने तवा चढवला.

“तुझ्या कॉम्प्युटरान घोळ घातल्यान. आता तूच जा नि सांग तेंका.”

मी पडवीत जाऊन उभी राहिले. “उपास फक्त दोन नंबरचा आहे,” मी म्हणाले. “बाकीच्यांना तो माझ्यामुळे लागला.”

तीन नंबरच्या काकांनी विचारलं, घरात सुरमई आहे का? तोवर वासानेच उत्तर दिलं होतं. पाहुण्यांना न्यायला आलेल्या रिक्षावाल्यांना थांबवलं, त्यांनाही पानावर बसवलं. काकी तव्यापासून हलेना, म्हणून वाढायला मी. एक तुकडी की दोन, असं प्रत्येकापाशी थांबून विचारावं लागलं.

आजींना टाळून पुढे निघाले, तर त्यांनी माझी ओढणी धरली.

“बघ गं जरा, माझाही चुकूनच लागला असेल.”

“आई,” त्यांची सून म्हणाली.