अकरा सह्या आणि दुपारची धपधप

ते प्रकरण आठवलं की आजही आधी हसू येतं आणि मागून डोकं तापतं. मी पोलीस दलात नऊ वर्षं उपनिरीक्षक होते, आणि पस्तिशीच्या आतच राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यामुळे निवृत्त साहेबांच्या आठवणींत असतात तसले खून आणि दरोडे माझ्याकडे फारसे नाहीत. माझ्याकडे आहे ती धपधप. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सोळा फ्लॅटच्या चार मजली इमारतीत, भर एप्रिलात रोज दुपारी ऐकू येणारी. नाव मी कुणाचंच घेणार नाही. ज्यांना आपलं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

सकाळची हजेरी संपली की ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून अर्ज माझ्याकडे येत. बांधावरची भांडणं, हरवलेले मोबाईल, शेजाऱ्याच्या म्हशीनं खाल्लेली भाजी. त्या दिवशी सगळ्यात वर एक टाईप केलेला अर्ज होता. सोसायटीचा गोल शिक्का आणि खाली अकरा सह्या. तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू बाई आणि तिच्या घरचे लोक दुपारी एक ते चार जमिनीवर जड वस्तू आपटतात, सांगूनही ऐकत नाहीत, म्हणून महिनाअखेर त्यांनी घर खाली करावं असा ठराव सभासदांनी केला आहे, तरी पोलिसांनी समज द्यावी, असा मजकूर.

मी त्या अकरा सह्यांना भुलले, हे आधीच कबूल करते. ठाण्यात सगळे असंच मानतात. एक सही असली की भांडण, अकरा असल्या की सत्य. संध्याकाळी मी जीप काढली, सोबत बीट हवालदाराला घेतलं आणि काहीही न विचारता समज द्यायला निघाले.

दार उघडलं ती बाई एसटीत कंडक्टर. ड्युटीवरून नुकतीच आलेली, अंगावर खाकीच. म्हणजे एक खाकी दुसऱ्या खाकीला समज देत उभी. नवरा पुण्याकडे कंपनीत, घरात दोन शाळकरी मुली आणि म्हातारी आई. माझं बोलणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मॅडम, दुपारी मी अड्याळच्या गाडीवर असते. घरी पोरी अन् माय. काय आपटतील त्या? आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पुनर्वसनात प्लॉट भेटला, पन तिथून पोरीयची शाळा लांब पडे. इथं घर पाहाले आलो तं चार जागी नाही म्हटलं, पाचवं हे भेटलं. आता हेही खाली करू? मानसानं किती डाव बिऱ्हाड उचलाव, तेवढं सांगा मले."

मी म्हातारीकडे वळले. ती कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"आमच्या घरातून नाही येत आवाज," ती मान वर न करता म्हणाली.

"मग कुणाच्या घरातून येतो, आजी?"

"ते मी नाही सांगनार."

जिना उतरताना हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, बुढीले सारं माहीत हाय. 'माहीत नाही' अन् 'सांगत नाही' यात लय फरक असते." हवालदार त्याच मुलखातले, नोकरीत माझ्या दुप्पट मुरलेले. त्यांचं ते वाक्य हीच मला त्या प्रकरणात मिळालेली पहिली खबर.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार जबाब घेतले. पुरुष छाती काढून बोलत होते. खालचे सगळे वर बोट दाखवत, चौथ्या मजल्यावरचे खाली. हवालदारांनी वहीत इमारतीचं चित्र काढून प्रत्येकाचा बाण काढला. सगळे बाण जाऊन तिसऱ्या मजल्यावर टेकले. म्हटलं तर पुरावा भक्कम. पण तिसऱ्या मजल्यावर चार घरं, त्यातल्या तिघांची नावंही कुणी घेतली नाहीत. भाडेकरू तेवढी एकच होती ना!

बायकांचं वेगळंच. "आवाज येतो का?" म्हटलं की नवऱ्याच्या खांद्याआडून उत्तर यायचं, "मले तं नाही ऐकू येत, बा." नवरा चिडून म्हणायचा, "एवढा गिट्टी फोडल्यासारखा आवाज, अन् तुले ऐकू नाही येत?" एकाच खोलीत राहणाऱ्या दोघांपैकी एकाला गिट्टी फुटताना ऐकू येते आणि दुसरीला काहीच नाही. एक घर असतं तर समजले असते, हे प्रत्येक घरात होतं. इतक्या बायका एकदम बहिऱ्या होत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. दुपारी पाऊण वाजता सोसायटीच्या सचिवांना आणि हवालदारांना घेऊन मी त्या भाडेकरूच्या घरात जाऊन बसले. सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहणारे, अर्जाचे लेखकही तेच. समोर दोन्ही मुली गृहपाठ करत होत्या. म्हातारी भिंतीला टेकून होती. आम्हाला पाणी आलं. दीड वाजला.

धप. धप. धप.

मुलींनी मानसुद्धा वर केली नाही. त्यांना सवय झाली होती.

"काय सर," मी म्हटलं, "कोण आपटतंय?"

सचिवांनी घाम पुसला. "मग वरून असेल."

वर गेलो. तिथला गृहस्थ कूलरसमोर बनियनवर झोपलेला. तो डोळे चोळत म्हणाला, "खालून येते ना, साहेब! अर्जावर माही सही हाय."

हवालदारांनी तेवढ्यात जिन्यातल्या कॉलमवर तळहात ठेवला होता. "मॅडम, आवाज सिमेंटातून चढून राहिला. कान नका लावू, हात लावा." आम्ही एकेक मजला उतरत, कॉलमला हात लावत चाललो. तिसरा मजला, दुसरा मजला. हाताखालची थरथर वाढत गेली. सचिवांचा आवाज मात्र बारीक होत गेला.

पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूच्या फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

आत नऊ बायका होत्या, त्यांतल्या आठ गोल बसलेल्या. मधोमध उखळ, त्यात उडदाच्या पापडाच्या पिठाचा गोळा. आणि पदर खोचून, दोन्ही हातांनी मुसळ डोक्यावर उचलून उभी होती ती सचिवांची बायको. तिनं आम्हाला पाहिलं, पण मुसळ सुटलेलं होतं. धप्प!

"तू भजनाले जातो म्हणून सांगितलं होतंस!" सचिव म्हणाले. मुख्याध्यापकांची शुद्ध भाषा पहिल्यांदाच घसरली.

"मंग?" ती म्हणाली. "नऊ जनी गोल बसलो, ताल धरला. अजून काय लागते भजनाले?"

हवालदार तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले.

मग सगळं बाहेर आलं. पापडाचं पीठ कुटल्याशिवाय जमत नाही आणि एकटीच्यानं कुटवत नाही. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, जिचा नवरा त्या दुपारी बाहेर असेल तिथं सगळ्या हाताला हात लावतात. दुपारी कुटायचं, रात्रभर मुरवायचं, सकाळी गच्चीवर लाटायचं. उन्हामुळे दुकानं एक ते चार बंद, पुरुष जेवून कूलरसमोर आडवे. बायकांना मोकळा वेळ तेवढाच. मुसळ कुणाचं? तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीचं. गाव सुटलं तेव्हा तिनं सोबत आणलेलं. ते रोज घरोघर फिरत होतं.

"मग जबाबात खोटं का सांगितलंत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"खरं सांगतलं असतं तं कुटनं बंद झालं असतं, मॅडम," त्या फ्लॅटची मालकीण म्हणाली. "नवरे म्हणते, झोपमोड होते आमची! पन पापड मागताना ह्यायचाच आवाज साऱ्यात मोठा."

मी खिशातून अर्जाची प्रत काढली आणि मोठ्यानं वाचली. महिनाअखेर घर खाली करावं, इथपर्यंत आले आणि हसणं थांबलं.

"कोनाले काढून राहिले?" सचिवांच्या बायकोनं विचारलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आमच्याच बैठकीत झाली ना मीटिंग. मी चहा देला, पोहे देले. आतून एवढंच ऐकू आलं का काही कडक करायचं ठरलं. मले वाटलं गाड्या लावायचा विषय असन." ती तशीच खाली बसली. पिठाचे हात मांडीवर. "बुढीनं आपलं मुसळ देलं, पोलीस घरी आले तरी आमचं नाव नाही घेतलं. अन् आमी तिचंच घर खाली करून राहिलो?"

बाकीच्यांनी हातातलं पीठ खाली ठेवलं.

सचिव मात्र शेवटी सचिवच. "झालं ते झालं, पण ठराव झालेला आहे. अकरा सभासदांनी सह्या केल्यात. ठराव तो ठराव."

सभासद हा शब्द माझ्या कानाला खुपला. मी म्हटलं, "सर, सभासदांची नोंदवही आणता का?"

नोंदवही आली. त्याच फरशीवर उखळाशेजारी बसून मी सोळा नावं वाचली. तेरा बायकांची! रजिस्ट्रीत सवलत मिळते म्हणून नवऱ्यांनी फ्लॅट बायकांच्या नावावर घेतलेले. अर्जावरच्या अकरा सह्यांपैकी खऱ्या सभासदांच्या फक्त दोन. बाकीचे नऊ जण कोण? सभासदांचे नवरे. स्वतः सचिवसुद्धा सभासद नव्हते. सभासद त्यांच्या सौभाग्यवती, ज्यांनी त्या मीटिंगला पोहे पुरवले.

आणि मी? एवढ्या वर्षांची नोकरी, आणि सह्या मोजल्या, कुणाच्या आहेत ते तपासलं नाही. लाज वाटली. राग सचिवांइतकाच स्वतःचाही आला.

"ठराव रद्द करणं हे पोलिसांचं काम नाही," मी स्पष्ट सांगितलं. "ते सभासदांचं काम आहे. इथं सोळापैकी नऊ सभासद बसलेल्या दिसतात."

अर्धं मिनिट लागलं त्यांना कळायला. मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. सचिवांच्या बायकोनं हात पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "गुरुजी, लिवा." आणि गुरुजींनी लिहिलं. पहिला ठराव, भाडेकरूंना घर खाली करायला सांगितलेलं मागे घेण्यात येत आहे. दुसरा, उखळ यापुढे पार्किंगच्या कोपऱ्यात, खाली बारदान्याच्या चार घड्या टाकून, सकाळी अकरा ते एक. ही घड्यांची सूचना हवालदारांची. तिसरा, गच्चीवर पापड वाळत असताना कावळे हाकायला रोज एक पुरुष. पहिला नंबर चौथ्या मजल्यावरच्या बनियनवाल्याचा लागला. पुढची मीटिंग बैठकीत, आणि चहा पुरुष करतील, असंही एकीनं सुचवलं. तेही एकमतानं मंजूर झालं. भाडेकरूच्या फ्लॅटचा मालक नागपूरला होता, त्याला त्याच खोलीतून फोन गेला.

चारच्या सुमारास सगळे उखळाची जागा बघायला पार्किंगमध्ये उतरले होते, तेवढ्यात कंडक्टर बाई ड्युटीवरून आली. पार्किंगमध्ये एवढी गर्दी आणि पोलीस बघून तिचा चेहरा उतरला. सचिवांच्या बायकोनं पुढे होऊन ठरावाचा कागद तिच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्याच वाचला, घडी केली आणि तिकिटांच्या पिशवीत ठेवला. मग एकच वाक्य बोलली. "बाई, उद्याचा नंबर आमच्या घरच्या पापडाचा लावा. माही सुट्टी हाय."

मी ठाण्यात येऊन अर्ज निकाली काढला. तपासाच्या रकान्यात काय लिहावं यावर हवालदार आणि मी बराच वेळ हसलो.

नोकरी सोडल्यावर मी हीच गोष्ट घेऊन इमारतींमधून पत्रकं वाटत फिरते. लोक म्हणतात, एवढ्याशा आवाजाचं एवढं काय? आवाज एवढासाच असतो हो. पण त्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा हे बंद खोलीत ठरतं, आणि तो नेमका त्याच घरावर जातो ज्याच्या बाजूनं त्या खोलीत कुणी बसलेलं नसतं. शेजाऱ्याचा त्रास होत असेल तर जिना चढा, दार वाजवा, दोन वाजता त्याच्या घरात बसून पाहा. अर्ज त्यानंतर. आणि बायांनो, तुमच्या सोसायटीची नोंदवही एकदा मागून घ्या. स्वतःचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पुढच्या मीटिंगला बैठकीत खुर्ची ओढून बसा. पोहे नंतर होतील.