परीक्षा मशीनवर होती

शिक्षक भरतीची परीक्षा कागदावर नाही, कॉम्प्युटरवर होणार, हे मला मुकुंदवाडीत टँकरच्या रांगेत कळलं. पुढं उभ्या असलेल्या मुलीनं मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचली. तीही माझ्यासारखीच डी.एड. करून जागा निघायची वाट बघत बसलेली. "बरं झालं," ती म्हणाली, "निकाल लवकर लागंल." मी हंडा खाली ठेवला.

मला कॉम्प्युटरची भीती वाटायची. विंचवाची वाटते तशी.

आमचं घर मेंढरांवर चालायचं. सोयगाव तालुक्यातलं गाव. दिवाळी झाली की आई आणि आबा कळप घेऊन खानदेशात जायचे. दोनदा मलाही सोबत न्यावं लागलं आणि दोन्ही वेळा शाळा बुडाली. पुढं चुलतीनं मला ठेवून घेतलं म्हणून मी शिकले. सातवीत असताना शाळेत कॉम्प्युटर आला. तो ऑफिसात चादरीखाली असायचा. एकदा बाईंनी मला खडूचा डबा आणायला पाठवलं. ऑफिसात कुणी नव्हतं. चादरीचा कोपरा वर होता आणि आत निळा उजेड दिसत होता. मी एक बटण दाबलं. उजेड गेला, सगळं काळं झालं.

दारात हेडमास्तर उभे होते. "जाळलास ना?" ते म्हणाले. "आता बापाची सगळी मेंढरं विकली तरी भरून निघायचं नाही."

त्यांनी कदाचित दटावण्यापुरतंच म्हटलं असेल. मी मात्र सगळा उन्हाळा कुणीतरी मेंढरं न्यायला येईल म्हणून रस्त्याकडं बघत काढला. घरात कुणाला बोलले नाही. कुणी आलंही नाही.

नंतर सोयगावला बारावी झाली, मग डी.एड. झालं. तिथं एका कॉम्प्युटरमागं आम्ही पाच मुली. मी आपणहून म्हणायचे, तुम्ही बसा, मी वही लिहिते. त्या विषयात मला चांगले मार्क आहेत. माऊसचं चित्र मी इतकं सुबक काढलं होतं की बाईंनी वर्गात दाखवलं. माऊस हातात मात्र एकदाही धरला नव्हता. त्यानंतर बाहेरून बी.ए. केलं. शिकवणी घेता यावी म्हणून शहरात, मुकुंदवाडीला आत्याकडं राहायला आले. अपूर्णांक मी भाकरी मोडून शिकवायचे आणि पोरांना ते समजायचे. शिकवायची मला कधीच भीती वाटली नाही.

त्या वर्षी टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही सांगितलेल्या वेळी नाही. आत्याला परीक्षेचं सांगितलं तेव्हा ती ड्रमवर फडकं बांधत होती.

"मला नाय जमणार, आत्या."

"का? चावतंय व्हय ते?" आत्या म्हणाली. "पुंडलिकनगरला टायपिंगचा क्लास हाय. उद्या जायचं. पाणी मी भरते."

क्लास चालवणाऱ्यांना सगळे चाचा म्हणायचे. साठीचे, जाड चष्म्याचे. भिंतीला जुने टाइपरायटर रचून ठेवलेले आणि मधे चार कॉम्प्युटर. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उठत होती, तिथं बोअरचं मशीन दिवसभर घरघरायचं. त्यानं टेबलही थरथरायचं. पहिल्या दिवशी चाचांनी चार ओळी टाइप करायला लावल्या. तीन झाल्या. चौथीला कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळ्या ओळी गायब.

मी उठले आणि जिना उतरून थेट रस्त्यावर आले. वरून चाचांचा आवाज आला, "अरे बेटा, चपला तो लेके जाओ!"

मी तशीच अनवाणी तापलेल्या डांबरावरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी चपलांसाठी जावंच लागलं. चपला जिन्यात नीट ठेवलेल्या होत्या आणि चाचा दारातच बसले होते.

"भागते कायकू?" त्यांनी विचारलं. मी रडायला लागले आणि हेडमास्तरांची गोष्ट पहिल्यांदा कुणालातरी सांगितली. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "वो जला नै था, बेटा. बंद हुआ था." मग त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि माझ्या देखत भिंतीतला प्लग खेचला. पडदा काळा झाला. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी प्लग परत लावला. "देख. मरा क्या?" थोड्या वेळानं पडदा उजळला. "आता तू काढ," ते मराठीत म्हणाले. त्या दिवशी माझ्याच्यानं ते झालं नाही. मशीन खराब होईल याची चाचांपेक्षा मलाच जास्त काळजी. आठवड्यानं जमलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आबांचा फोन आला. ते खानदेशात एका उसाच्या फडाजवळ होते, कारण आमच्याकडं चाऱ्याचं पानही उरलं नव्हतं. "मशीनवर परीक्षा?" ते म्हणाले. "मंग लिहिणार कशानं?" मी म्हटलं, "लिहायचं नाय, आबा. दाबायचं." त्यांनी मधेच एका मेंढराला हाकललं. मग म्हणाले, "हळू दाब."

केंद्र शहराबाहेर एका नव्या कॉलेजात होतं. तळहात इतके ओले झाले होते की माऊस घसरत होता. तरी निम्म्याच्या वर प्रश्न झाले. मग मी जरा पाय लांबवले आणि पडदा काळा झाला.

कानात हेडमास्तरांचा आवाज आला. अगदी तोच. आजूबाजूला सगळ्यांचे माऊस टकटक वाजत होते. मी खाली वाकून पाहिलं. टेबलाखाली वायर सुटून पडली होती आणि तिच्याशेजारी माझाच पाय होता. आता मला बाहेर काढणार, नाव काळ्या यादीत टाकणार, असं काय काय मनात आलं. प्लग लावणं मला येत होतं. पण तिथं हात लावायला बंदी होती आणि हात वर करायचं धाडस होत नव्हतं. किती मिनिटं तशी बसले, माहीत नाही.

शेवटी हात वर केला. पर्यवेक्षक बाई आल्या. "मॅडम, माझ्याच पायानं निघाली," मी म्हटलं.

बाई खाली वाकल्या, वायर लावली आणि म्हणाल्या, "सकाळपासून ही तिसरी वायर आहे. पाय मागं घ्या." मशीन सुरू झालं. माझी सगळी उत्तरं जिथल्या तिथं होती, घड्याळही थांबलं होतं तिथूनच चालू झालं. उरलेले प्रश्न मी पाय खुर्चीच्या दांडीवर घेऊन सोडवले.

पास झाले. नेमणूक यायला मात्र बराच काळ गेला. तोवर मुकुंदवाडीच्या शिकवण्या चालूच होत्या. आता मी जिल्ह्यातल्याच एका शाळेत तिसरीला शिकवते. भीती गेली असं मी म्हणणार नाही. मुलांची माहिती ऑनलाइन भरायचा दिवस असला की आजही सकाळी मला जेवण जात नाही. चहा पिते आणि शाळेला निघते.