बोटीच्या दारातले चाचा

"आता नाय," असं म्हणून चाचा तुमचं मनगट धरायचे. हात नव्हे, मनगट. ओला हात सुटतो, मनगट सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. रस्ता ओलांडताना, एसटीत चढताना, एवढंच काय, कुणी गरम चहाचा कप तोंडाला लावायला गेला तरी त्याचं मनगट चाचांच्या पंजात. मग मानेला हलका झटका देऊन ते "आता" म्हणाले की हलायचं. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला आणि ते हमालीला. टेम्पोत गठ्ठा चढवतानाही हेच, टेम्पो जागचा हलत नसला तरी. पोरं चिडवायची, "चाचा, हितं लाट कुटली?"

लाटेची भानगड अशी. चाचा मूळचे कोकणातले. तरुणपणी किनाऱ्यानं जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. माल आणि माणसं दोन्ही वाहणारी बोट. तुम्ही-आम्ही सोलापूरची माणसं, समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत. मला हे चाचांकडूनच कळलं की बऱ्याच बंदरांत बोट काठाला लागतच नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात, म्हणजे मोठ्या होडीत बसून तिच्यापर्यंत यायचे. बोटीच्या अंगाला एक दार, त्या दारात चाचा. लाटेबरोबर पडाव खाली जाई, वर येई. पुरता वर आला की मनगट धरून माणूस आत ओढायचा. घाई केली तर माणूस बोट आणि पडावाच्या मधे. आंब्याच्या पेट्या, सुक्या मासळीच्या पाट्या, कोंबड्या, नव्या नवऱ्या, सगळं याच दारातून आत आलेलं. एक भजनीबुवा हार्मोनियम सोडायला तयार नव्हते, तर चाचांनी त्यांना पेटीसकट ओढलं म्हणे. पुढे बुवा बोटभर चाचांना शिव्या देत फिरले, कारण पेटीचा एक सूर बसला होता.

आगबोटी बंद पडल्या. बायको सोलापूरची, म्हणून चाचा सासुरवाडीला आले आणि इथलेच झाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी हसत सांगितली नाही. बोटीवरचा रिवाज असा की आधी पोर वर घ्यायचं, मग आई. काखेत मूल असलेल्या बाईला उडी मारता येत नाही. एकदा समुद्र खवळलेला असताना चाचांनी एक तान्हं मूल वर घेतलं आणि आई यायच्या आत पडावाचा दोर तुटला. पडाव बाजूला फेकला गेला. हवा आणखी बिघडत होती, कप्तानाला थांबता येईना. पोर चाचांच्या कुशीत पुढच्या बंदरावर गेलं. दुसऱ्या दिवशी आई जमिनीवरच्या वाटेनं तिथे पोचली.

"आली, पोर घेतलं, गेली," चाचा म्हणाले. "माझ्याकडं बघितलं पण नाय." एवढं बोलून त्यांनी जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं.

आमचं गाव सीनेच्या काठी. तीन वर्षांपूर्वी सीनेला असं पाणी आलं की मी कारखान्यात असतानाच गावाचा रस्ता बुडाला. घरी बायको सुनंदा आणि आठ महिन्यांची आमची मुलगी, दोघीच. फोनवर सुनंदा एवढंच म्हणाली की ती स्लॅबवर चढली आहे, आणि फोन बंद पडला. मी गाडीला किक मारली तर चाचा मागे बसलेलेच.

रस्ता बुडाला होता तिथे उजनीच्या पाण्यावर मासे धरणारे दोघे भाऊ टेम्पोतून होडी घेऊन आले होते. घर दाखवायला मी चढलो. चाचांना कुणी बोलावलं नव्हतं, तेही चढले. पाणी खिडक्यांच्या वर गेलेलं, लाल, आणि त्याला भयंकर ओढ. धाकट्या भावानं स्लॅबवरच्या टाकीच्या नळाला दोर अडकवला. होडी भिंतीवर आपटत खाली-वर होत होती. चाचा कठड्याला धरून स्लॅबवर गेले.

थोरला म्हणाला, "पोरगी आदी द्या." मीही हात पसरले.

"नाय," चाचा म्हणाले. "आधी आई."

"आन् हिला कोण घील?" सुनंदानं विचारलं.

"मी हाय की."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच हो म्हटलं. चाचांनी एका हातानं मुलीला छातीशी घेतलं, दुसऱ्या हातानं सुनंदाचं मनगट धरलं. "आता नाय... आता नाय... आता." ती होडीत माझ्या अंगावर पडली आणि त्याच धक्क्यानं टाकीचा नळ उखडला.

दोर सुटला. पाण्यानं आम्हाला ओढत नेऊन एका लिंबाच्या झाडात अडकवलं. स्लॅब दिसत होता, पण मधे सगळी सीना. सुनंदा किंचाळत होती. दोघे भाऊ फांद्यांशी झगडत होते. पावसाची झड लागलेली. स्लॅबवर येणाऱ्या जिन्यावर पत्रा होता, तिथे कोरडं होतं. मी घसा फाटेपर्यंत ओरडलो, "चाचा, पत्र्याखाली जावा." चाचा गेले नाहीत. उलट कठड्याशी पुढे आले आणि दोन्ही हातांनी मुलीला उंच धरून, तिचं तोंड आमच्याकडे करून उभे राहिले. मला म्हाताऱ्याचा असा संताप आला की विचारू नका. पोर गारठून मरेल, हे एवढंच डोक्यात.

सुनंदा मात्र गप्प झाली. होडीची कड धरून एकटक बघत राहिली. "दिसतीया," ती पुटपुटली. "पाय हलवतीया." होडी मोकळी होऊन परत भिंतीशी लागेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही आणि चाचांनी हात खाली घेतले नाहीत. मुलगी आईच्या मांडीवर आली तेव्हा चाचांचे दंड लटलट कापत होते. त्यांनाच आम्ही मनगट धरून उतरवलं.

संध्याकाळी गावच्या उंचावरच्या शाळेत सुनंदानं त्यांना चहा दिला आणि विचारलं, "चाचा, पत्र्याखाली का न्हाई गेला?"

चाचांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या टायमाला मी पोराला आत नेलं होतं. वारा लागू नये म्हणून. पडावातल्या आईला काय दिसलं? रिकामं दार. पोर बोटीत हाय का पाण्यात गेलं, तिला दुसऱ्या दिवसापर्यंत म्हाईत नव्हतं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. आम्ही पोचलो तेव्हा जनाजा उचललेला होता. मी खांदा देऊन बाजूला झालो, तर गल्लीच्या तोंडाशी सुनंदा दिसली. मुलीला तिनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं, तोंड चाचांच्या दिशेला करून. पोरगी आता चांगली जड झाली आहे. घेतो मी तिला, म्हणून मी पुढे झालो.

"आता नाय," ती म्हणाली. जनाजा वळणाआड गेला, मग तिनं हात खाली घेतले.